ड्रिल आपल्याच लेबर रूममध्ये

नमस्कार. आज समोर सिस्टर जास्त आणि डॉक्टर कमी दिसतायत. बरंच झालं, कारण मला जे सांगायचंय त्यातलं निम्मं सिस्टरना आधीच ठाऊक असतं.

सिम्युलेशन, म्हणजे खऱ्या प्रसंगाची नक्कल करून सराव, म्हटलं की डोळ्यांसमोर महागडा पुतळा येतो. डोळे मिचकावणारा, नाडी लागणारा, पुण्या-मुंबईच्या हॉस्पिटलातला. २०१९ च्या नव्या एमबीबीएस अभ्यासक्रमासोबत स्किल लॅब आली आणि पुतळे मराठवाड्यातही पोहोचले. काही अजून खोक्यात असतील, ते सोडा. १९६० मध्ये नॉर्वेच्या आस्मुंड लेरडाल या खेळणीवाल्याने सीपीआर, म्हणजे हृदय बंद पडल्यावर छाती दाबणं, शिकवायचा पुतळा बाजारात आणला, तो आजही हवाच. मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाबायचं, हे वहीत उतरवून कुणाला येत नाही, ते हाताला कळावं लागतं.

पण हात तयार करणं त्यामानाने सोपं. पंचाईत होते ती चार माणसांनी मिळून काम करायचं असतं तेव्हा.

आपल्याच भागातल्या एका ग्रामीण रुग्णालयात आम्ही बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाची ड्रिल, म्हणजे रंगीत तालीम, घेतली, भर दुपारी. एक सिस्टर बाळंतीण झाल्या. गाऊनखाली पोटावर बांधलेली पिशवी, पिशवीत लाल पाणी, नळीला चिमटा. ‘ऊसतोडीहून परतलेली, तिसरी खेप, हिमोग्लोबिन सात.’ म्हणजे चांगल्या रक्ताची बाई जेवढं सोसेल, तेवढं हिला सोसणार नाही. बाहुली जन्मली, वार पडली, आणि आम्ही चिमटा सोडला.

ड्यूटीवरच्या सिस्टरनी पोटावरून गर्भाशय चोळायला लगेच सुरुवात केली आणि ओरडल्या, “ऑक्सिटोसिन आणा!” खोलीत तिघं होते. तिघांनीही ऐकलं आणि तिघंही जागचे हलले नाहीत, कारण प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्याला सांगितलंय. शेवटी मावशी पळाल्या. ऑक्सिटोसिन म्हणजे गर्भाशय आकसवून रक्त थांबवणारं इंजेक्शन. ते दोन ते आठ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायचं, म्हणून ते लसीकरणाच्या खोलीतल्या फ्रिजमध्ये. खोलीला कुलूप. किल्ली ज्यांच्याकडे, ते जेवायला गेलेले. किल्ली येईपर्यंत पिशवी रिकामी.

मधेच तरुण डॉक्टर आले, सलाईन लावा, रक्त मागवा म्हणाले. बरोबरच होतं. पण केसपेपरवर आम्ही मुद्दाम लिहिलं होतं की बाईला सकाळपासून लघवी झालेली नाही. मूत्राशय भरलेलं असलं की गर्भाशय नीट आकसत नाही. सिस्टरनी ते वाचलं होतं, पण बोलल्या नाहीत. का? “सर आले होते ना.”

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. १९७७ मध्ये तेनेरिफेच्या धावपट्टीवर दोन जंबो विमानं आदळून ५८३ माणसं गेली. समोरचं विमान अजून धावपट्टीवरच असेल का, अशी शंका उड्डाणाला निघालेल्या विमानातल्या फ्लाइट इंजिनियरने बोलून दाखवली होती; कॅप्टनने ती उडवून लावली. पुढे वैमानिकांना एकमेकांशी बोलायचं कसं याचं रीतसर प्रशिक्षण सुरू झालं, आणि अमेरिकेत स्टॅनफर्डच्या डेव्हिड गाबा यांनी तीच पद्धत भूलशास्त्रात आणली.

म्हणून माझ्या लेखी ड्रिलपेक्षा ड्रिलनंतरची बैठक मोठी. ‘चुकलं कुणाचं’ हा प्रश्न तिथे विचारायचाच नाही. ‘त्या क्षणी तुम्हाला काय दिसत होतं?’ असं विचारायचं. आमच्या बैठकीत मावशी म्हणाल्या, किल्लीचं हे रोजचंच आहे. त्याच दिवशी दुसरी किल्ली लेबर रूमच्या खिळ्यावर आली. नाव घेऊन सांगायचं आणि ऐकणाऱ्याने तेच परत म्हणायचं, हेही ठरलं: “आशा सिस्टर, ऑक्सिटोसिन दहा युनिट.” “दहा युनिट, देते.” “दिलं.” सुरुवातीला नाटकी वाटतं, हसू येतं. हसा, पण म्हणा.

याने फरक पडतो का? केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या ८० रुग्णालयांत एक मोठा अभ्यास झाला, २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. रक्त डोळ्यांनी अंदाजण्याऐवजी खुणा असलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत मोजायचं, उपचार एकामागून एक न देता एकदम सुरू करायचे, आणि त्याचा सराव आपापल्या जागी. तीव्र रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडावं लागणं किंवा त्याने आलेला मृत्यू, हे प्रमाण नेहमीच्या पद्धतीत ४.३ टक्के होतं, नव्या पद्धतीत १.६ टक्के. पिशवी आणि सराव, दोन्ही तालुक्याला परवडणारं आहे. लॅबच्या बजेटची वाट पाहायची गरज नाही.

करताना दोन गोष्टी सांभाळा. लेबर रूममध्ये खरी पेशंट असेल तर ड्रिल नाही, म्हणजे नाही. आणि ड्रिलच्या रिकाम्या बाटल्या, अँप्युल्सना वेगळ्या रंगाची चिकटपट्टी लावा, संपल्यावर मोजून परत घ्या. त्यातली एकही खऱ्या ट्रॉलीवर राहता कामा नये. पहिली ड्रिल रात्रपाळीत घ्या, माणसं कमी असतात तेव्हा.

आता प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतल्या सिस्टर मघापासून हात वर करून आहेत, त्यांच्यापासून सुरू करू.