कचऱ्याखाली गाडलेली लाइन

श्रोतेहो, नमस्कार.

इंग्लंडमध्ये ससेक्स भागात ब्लूबेल नावाची वाफेच्या गाड्यांची लाइन आहे. सरकारी रेल्वेने ती 1958 साली बंद केली आणि 1960 साली हौशी मंडळींनी तिचा एक तुकडा पुन्हा सुरू केला. हेवर्ड्स हीथकडून येणारा फाटा तेव्हा तिला मिळत होता. 1963 मध्ये तोही बंद झाला आणि ब्लूबेल एकटी पडली. मग एखादं इंजिन आणायचं तरी ट्रेलरवर चढवून, रस्त्याने.

देशाच्या रेल्वेशी पुन्हा सांधा जुळवायचा तर उत्तरेला ईस्ट ग्रिन्स्टेड गाठायला हवं. 1994 मध्ये किंग्सकोटपर्यंत रूळ पोचले. उरले दोन मैल. फक्त दोन मैल! वाटेतला दहा कमानींचा इम्बरहॉर्न पूल शाबूत होता. पण पुलाच्या अलीकडे, जमीन कापून लाइन नेलेल्या खोल कटिंगमध्ये, कचरा होता. रूळ उखडल्यावर गावाचा घरगुती कचरा वर्षानुवर्षं तिथे ओतला गेला आणि काठोकाठ भरल्यावर वर चिकणमातीचं झाकण घातलं गेलं. (रूळ हवे तर विका, पण रुळाखालची जमीन कधी सोडू नये, हे माझं जुनं मत आहे.)

मग कचऱ्यावरूनच रूळ का नाही टाकले? एक तर गाडीला तेवढा चढ झेपत नाही. आणि दुसरं, कचरा कुजतो तसा खचतो, तोही सारखा नाही. एका बाजूचा रूळ बसतो, दुसऱ्या बाजूचा तसाच राहतो, रुळाला पीळ पडतो आणि चाक उतरतं. शिवाय आत गॅस, तळाला काळं पाणी.

म्हणून उपसायचं ठरलं. आधी वरची माती वेगळी काढायची, कारण स्वच्छ माती भरावाला कामी येते. ती कचऱ्यात मिसळली की तिचेही टाकण्याचे पैसे भरावे लागतात. वेगळी म्हणजे वेगळीच! (ओला-सुका वेगळा करायला सांगितला म्हणून घंटागाडीवाल्यावर डाफरणाऱ्यांनी हे ऐकावं.) सुरुवातीला कचरा ट्रकने गेला. पण ट्रकने किती नेणार? तेव्हा मंडळींनी उलटीकडून सुरुवात केली. ईस्ट ग्रिन्स्टेडकडून पुलावरून कटिंगच्या तोंडापर्यंत रूळ आणले आणि 2010 पासून कचरा मालगाडीने थेट मुख्य लाइनवरून बाहेर काढला. म्हणजे प्रवाशांच्या आधी या सांध्यावरून गेला तो कचरा!

आता घड्याळाकडे बघा. अशा दूषित जमिनीतल्या कचऱ्याला डंपिंगच्या करातून सूट होती, ती 31 मार्च 2012 ला संपणार होती. 1 एप्रिलपासून दर टनाला 64 पौंड. हजार टनांची एक गाडी धरली, तर नुसता कर 64,000 पौंड. म्हणून समर्थकांकडे दहा-दहा पौंडांची नोट मागितली गेली, कचऱ्यासाठी! 31 मार्चच्या आत जेवढा निघेल तेवढा काढायचा, एवढा एकच हिशेब.

सांध्याचं तंत्र त्या मानाने सोपं. रुळांचं अंतर दोन्हीकडे 1435 मिलीमीटर, तेच. खरी काळजी घरंगळणाऱ्या डब्याची. म्हणून अशा सांध्याआधी ट्रॅप पॉइंट ठेवतात. परवानगीशिवाय आलेला डबा मुख्य लाइनवर जाण्याऐवजी तिथेच रुळावरून उतरतो. डबा उतरलेला परवडतो, टक्कर नाही.

23 मार्च 2013 ला ब्लूबेलच्या दक्षिण टोकाच्या शेफिल्ड पार्क स्टेशनपासून ईस्ट ग्रिन्स्टेडपर्यंत, अकरा मैल, प्रवासी गाडी धावली. त्यानंतर आठवडाभरातच लंडनच्या व्हिक्टोरियाहून निघालेली खास गाडी थेट शेफिल्ड पार्कला आली. ओढायला डिझेल इंजिन होतं, कारण तिकडच्या गाड्यांना वीज पुरवणारा, बाजूने टाकलेला तिसरा रूळ ईस्ट ग्रिन्स्टेडलाच संपतो.