जनरेटर घरातला, करंट गल्लीतला

श्रोतेहो, नमस्कार.

मे सरत आला की रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात वादळाची धास्ती असते. तासाभरात बागा आडव्या होतात, खांब वाकतात, तारा तुटतात. दिवसा पारा चव्वेचाळीसवर गेलेला, आणि रात्री पंखाही नाही. त्यामुळे खान्देशात आता बऱ्याच घरी छोटा जनरेटर दिसतो. कुठे दुकानातल्या डीप फ्रीजसाठी, कुठे आजारी माणसाच्या ऑक्सिजन मशीनसाठी. जनरेटर घेण्याला माझी काहीच हरकत नाही. तो घराच्या वायरिंगला कसा जोडता, तेवढंच आज बोलायचंय.

गावोगावी चालणारी सोपी पद्धत तुम्हाला माहीत आहे. वायरच्या दोन्ही टोकांना थ्रीपिन टॉप लावायचे, एक जनरेटरमध्ये खुपसायचा आणि दुसरा घरातल्या कुठल्याही सॉकेटमध्ये. सगळं घर उजळतं. कोणी हटकलंच तर उत्तर ठरलेलं, "काही नही व्हस, भो! मेन बंद करेल शे."

आता मेन बंद करायचा विसरलात, तर काय होतं ते बघू. तुमच्या सॉकेटात शिरलेला करंट मीटरमधून उलटा बाहेर पडतो, खांबावर चढतो आणि डीपीपर्यंत जातो. डीपीतला ट्रान्सफॉर्मर ११,००० व्होल्टचे ४३३ करतो, म्हणजे आपल्या घरी एका फेजला २३० च्या आसपास मिळतात. पण कुठल्या बाजूने वीज आली हे ट्रान्सफॉर्मर बघत नाही. खालून २३० दिले की वरच्या बाजूला अकरा हजारांच्या जवळपास दाब तयार होऊ शकतो. वायरमनने डीओ, म्हणजे डीपीवरचा ड्रॉप-आउट फ्यूज, खाली पाडलेला असतो. त्याच्या हिशेबी डीपी मेलेली असते, आणि तो नेमका तिथेच हात घालतो.

यावर हुशार मंडळी म्हणतात, "अहो, सगळ्या गल्लीचा भार आला तर दोन केव्हीएचा जनरेटर जागीच बसेल." सगळी गल्ली जोडलेली असेल तर बसेलही. पण वादळात तार मध्येच तुटलेली असते. तुटलेल्या टोकापर्यंत तुमचं घर आणि शेजारची दोन घरं एवढाच भार उरतो, आणि जनरेटर खुशाल चालत राहतो. शिवाय माणूस मरायला ट्रान्सफॉर्मरचीही गरज नाही. जमिनीवर लोंबणाऱ्या तारेतले २३० व्होल्ट पुरे आहेत.

नियमाप्रमाणे काम सुरू करण्याआधी लाईन अर्थ करायची, म्हणजे तार जमिनीला जोडायची असते, हे खरं. पण रात्री अकराला, भर पावसात, चार गावांचे फोन येत असताना खांबावर कोण चढतं हे आपण सगळे जाणतो. कित्येकदा तो झिरो वायरमन असतो, म्हणजे वीज कंपनीच्या नोकरीत नसलेला, वायरमनच्या हाताखालचा माणूस. त्याच्याकडे ना हातमोजे, ना लाईन अर्थ करायचा डिस्चार्ज रॉड. आपल्या विसरभोळेपणाचा भार त्याच्या अंगावर टाकायचा का?

आणि त्या वायरचा दुसरा धोका घरातच आहे. सॉकेटातून टॉप निसटला की त्याच्या उघड्या पितळी पिनांमध्ये जिवंत करंट असतो, आणि खाली पोर खेळत असतं.

उपाय म्हणजे चेंजओव्हर स्विच. भुसावळच्या यार्डात रुळांचा सांधा एका वेळी एकाच मार्गाला लागतो, तसा याचा दांडा एक तर लाईनकडे असतो, नाही तर जनरेटरकडे. दोन्हीकडे एकदम जाऊच शकत नाही. मेन बंद करायची आठवण माणसाला ठेवावी लागते, चेंजओव्हरला काही आठवावं लागत नाही.

तो घेताना सिंगल फेजला डबल पोल आणि थ्री फेजला फोर पोलच मागा. फेजबरोबर न्यूट्रलही तुटला पाहिजे, कारण तोही त्याच खांबावर जातो. काही इलेक्ट्रिशियन खर्च वाचवायला न्यूट्रल थेट जोडून देतात. तसं करू देऊ नका. काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्या, आणि त्याला एक प्रश्न जरूर विचारा: जनरेटरवर असताना न्यूट्रल अर्थला कुठे जोडला? बऱ्याच छोट्या जनरेटरमध्ये तो कुठेच जोडलेला नसतो. मग शॉक बसला तरी घरातला ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, पडेलच असं नाही. आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि अर्थिंगच्या पाइपाला सोडून देते. तिथे अधूनमधून पाणी घाला.

छतावर सोलर असेल तर आणखी जपून. पंतप्रधान सूर्यघर योजना २०२४ मध्ये आली, तेव्हापासून पॅनल वाढले. लोक विचारतात, लख्ख ऊन असताना लाईन गेली की सोलर का बंद पडतं? बॅटरी नसलेला इन्व्हर्टर लाईन गेली की मुद्दाम थांबतो, वायरमनच्या जिवासाठीच. पण त्याच वायरिंगवर जनरेटर सोडला, तर इन्व्हर्टर त्यालाच लाईन समजून सुरू होऊ शकतो. घरात न खपलेली वीज मग जनरेटरमध्येच घुसते आणि तो जळतो. म्हणून जनरेटर चालू करताना सोलर बंद ठेवायचं. दोन्ही एकत्र चालवायचे असतील, तर त्यासाठी वेगळी यंत्रणा लागते.

धुराबद्दल थोडक्यात. पाऊस आला म्हणून जनरेटर ओसरीत किंवा खोलीत ओढू नका. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेला माणूस उठत नाही. तो उघड्यावर, खिडकीपासून लांब ठेवा, वर छप्पर चालेल. पेट्रोल भरायचं ते इंजिन बंद करून, थंड झाल्यावर.

आणि चेंजओव्हर बसवलेला असेल, तर पावसाळ्याआधी एक तपासणी घरीच होते. लाईन चालू असताना, जनरेटर बंद ठेवून, दांडा जनरेटरकडे करा. सगळं घर अंधारात गेलं पाहिजे. गोठ्यातला दिवा किंवा बोअरची मोटर चालूच राहिली, तर ती वायर चेंजओव्हरला वळसा घालून गेली आहे. ठेकेदाराला बोलवून ती आधी दुरुस्त करून घ्या, जनरेटरला दोरी नंतर मारा. आणि तुटलेली तार दिसली तर तिच्या जवळ न जाता १९१२ वर कळवा.

नमस्कार.