जेन्नेची मशीद: अख्खं गाव गिलाव्याला

(ढोल, शिट्ट्या, आरडाओरडा. थोडा वेळ आवाज तसाच चालू दे.)

पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशातलं हे जेन्ने. डोक्यावर चिखलाच्या टोपल्या घेऊन धावणारी ही पोरं वेगवेगळ्या मोहल्ल्यांची आहेत, आणि कोणाची टोपली आधी मशिदीला पोचते याची चुरस लागलीय. पावसाळ्याच्या आधी दरवर्षी एकदा अख्खं गाव मिळून या मातीच्या मशिदीला गिलावा करतं, तो आजचा दिवस.

जगात आज सुमारे 200 कोटी मुसलमान आहेत आणि त्यात अरब साधारण पाचात एक. सगळ्यात जास्त मुसलमान इंडोनेशियात, मग पाकिस्तान, भारत, बांगलादेश, नायजेरिया... पण टीव्हीवर मुसलमान दाखवायचे म्हटलं की वाळवंट नाहीतर बंदूक. म्हणून आम्ही मुद्दाम इथे कॅमेरा लावलाय.

(चिखलाचा क्लोजअप.)

हा चिखल नीट बघा. बानी नदीकाठची माती, त्यात भाताचा कोंडा, वरून पाणी, आणि हे सगळं खड्ड्यात बरेच दिवस कुजत ठेवायचं, मधूनमधून पोरांनी उतरून नाचत तुडवायचं. वास मारतो भयंकर, पण चिकटपणा येतो तो त्या कुजण्यानंच, आणि कोंडा असला की वाळताना भेगा कमी पडतात. पाण्याच्या बादल्या बायका आणि मुली आणतायत, त्यांच्याशिवाय हे काम तासभरही पुढे सरकणार नाही.

भिंतीतून बाहेर आलेल्या या ताडाच्या लाकडांच्या जुड्या शोभेला तर आहेतच, पण गिलाव्याच्या वेळी हीच परांची. पोरं शिड्यांवरून त्यावर चढतात आणि चिखल नुसत्या हातानं थापतात, खाली जुने गवंडी ओरडून सांगतायत कुठे जाड झालं, कुठे राहिलं. गवंडीकाम इथे बापाकडून मुलाकडे आलेलं, त्यांची स्वतःची संघटना आहे आणि त्यांचा शब्द अंतिम. तीन मिनारांच्या टोकांवर पांढरं दिसतंय ती शहामृगाची अंडी. आत्ताची ही इमारत 1907 सालची, पण इथली पहिली मशीद तेराव्या शतकातली असं मानतात.

मिनारांची ही भिंत पूर्वेला आहे. आपल्याकडे महाराष्ट्रात नमाज पश्चिमेला तोंड करून पढतात, इथे पूर्वेला, कारण मक्का इथून त्या बाजूला. पाच वेळची नमाज, रमजानचे रोजे, जकात म्हणजे गरिबांसाठी द्यायचं दान, ऐपत असेल तर हज, हे कोल्हापुरातल्या माणसाला आहे तेच इथल्या कोळ्यालाही आहे.

(वरून घेतलेला शॉट, ओली भिंत.)

युनेस्कोनं जेन्नेला 1988 मध्ये जागतिक वारसा म्हटलं आणि 2016 मध्ये धोक्यातल्या यादीत टाकलं. 2012 पासून देशात लढाई चालूय, पर्यटक येईनासे झाले, त्यांच्यावर पोट असलेल्यांचे हाल झाले. गिलावा अजून होतो.

(ढोलांचा आवाज वाढव.)