कलोस : मातीवर लिहिलेली शाबासकी

ही अक्षरं जवळून बघा. अथेन्सच्या एका प्राचीन मातीच्या पात्राच्या काळ्या पृष्ठभागावर, लाल रंगात, मुंग्यांच्या रांगेसारखी. हा ग्रीक शब्द आहे 'कलोस', आणि शेजारी एका अथेन्सकर तरुणाचं नाव, लेआग्रोस. "लेआग्रोस देखणा आहे." हे लिहिलं गेलं इ.स.पू. 515च्या सुमारास.

देखणा म्हणजे नुसता चेहऱ्याने नव्हे. कलोसमध्ये रूप येतं, शोभेसं वागणं येतं, हातून उतरलेलं नेटकं कामही येतं. त्याला 'अगाथोस', म्हणजे चांगला, हा शब्द जोडला की होतो 'कलोस कगाथोस'. खानदानी अथेन्सकर हे बिरुद मिरवत.

आता भट्टीकडे या. अ‍ॅटिकाची, म्हणजे अथेन्सच्या परिसराची, माती लोहयुक्त. तीच माती पाण्यात निवळून तिची दाट साय काढायची आणि कुंचल्याने भांड्यावर चढवायची. आकृत्या कोऱ्या सोडायच्या, भोवतालचा भाग भरायचा. भट्टीत आधी हवा खेळती ठेवली की सगळं भांडं लाल होतं. मग झरोके बंद करून ओलं लाकूड टाकलं की सगळं काळं. शेवटी झरोके पुन्हा उघडले की कोरी माती लाल होते, पण साय काचेसारखी घट्ट बसलेली असल्याने काळीच राहते. ही सगळी किमया एकाच भाजणीत, नऊशे अंशांच्या आसपास. क्षणाचा अंदाज चुकला की भांडं गेलं.

आणि या कारागिरांबद्दल ग्रीक लेखक झेनोफोनने सॉक्रेटिसच्या तोंडी काय घातलंय? असले धंदे शरीर बिघडवतात. बसून, सावलीत, काही तर दिवसभर विस्तवाशी! म्हणजे ज्यांनी 'कलोस' लिहिलं, ते स्वतः त्या बिरुदाच्या बाहेर. हे आम्हाला मान्य नाही.

याच पात्रावर, ट्रॉयच्या युद्धात पडलेला वीर सार्पेडोन याचा मृतदेह उचलणारे निद्रा आणि मृत्यू हे देव बघा, जखमांतून वाहणाऱ्या लाल धारा बघा. हे पात्र जेमतेम 46 सेंटिमीटर उंच. 1971च्या सुमारास इटलीतल्या चेर्वेतेरीजवळच्या थडग्यातून ते चोरलं गेलं, न्यूयॉर्कला विकलं गेलं आणि 2008 मध्ये इटलीला परत आलं. आणि ज्याला त्यावर देखणा म्हटलं, तो लेआग्रोस पुढे सेनापती झाला आणि थ्रेसमध्ये लढताना पडला.

पात्रावर दोन सह्या आहेत. एउक्सिथेओसने घडवलं, एउफ्रोनिओसने रंगवलं. हाच एउफ्रोनिओस पुढे कुंभारकामाकडे वळला, आणि नंतरच्या भांड्यांवर त्याने सही केली ती 'घडवलं' अशी.