दूध बनणं आणि पान्हा फुटणं

नमस्कार, श्रोतेहो. बाळंतपणानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरात हमखास कुणीतरी म्हणतं, "हिला दूधच नाही." आणि लगेच पावडरचा डबा आणला जातो. खरं तर बहुतेक वेळा दूध असतं किंवा यायच्या बेतात असतं. अडचण असते ती ते बाहेर येण्यात.

स्तनाच्या आत द्राक्षाच्या घडांसारखे बारीक पुंजके असतात. पुंजक्याच्या आतल्या पेशी दूध तयार करतात आणि भोवतीची स्नायूपेशींची जाळी ते नळ्यांतून पुढे ढकलते. ही दोन कामं निराळी, आणि ती करवून घेणारी हार्मोन्सही निराळी: दूध बनवायला प्रोलॅक्टिन, सोडायला ऑक्सिटोसिन.

गरोदरपणाच्या मध्यापासूनच चीक, म्हणजे पहिलं दाट दूध, तयार होऊ लागतो. पण पोटात वार (बाळाला पोसणारी नाळेची गादी) असेपर्यंत प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन भरपूर दूध बनू देत नाही. वार पडली की ते झपाट्याने कमी होतं आणि दोन ते चार दिवसांत स्तन भरून येतात. वारेचा तुकडा आत राहिला किंवा फार रक्तस्राव झाला, तर याला उशीर लागतो. तोवर जो चीक येतो, तो पहिल्या २४ तासांत बहुधा ३०-४० मिलिलिटरच असतो. बाळाला एका वेळी चमचाभरच लागतो, त्यामुळे तेवढा पुरतो. रोगांपासून जपणारे घटक त्यात दाटून असतात. तो पिळून टाकू नका, आणि त्याच्या जागी मध, साखरपाणी, गूळपाणी काहीही चाटवू नका.

बाळ चोखतं तेव्हा प्रोलॅक्टिन वाढतं. रात्री ते जास्त असतं, म्हणून रात्रीचं पाजणं टाळायचं नाही. स्तनात दूध साचून राहिलं की पेशी काम कमी करतात आणि रिकामा झाला की पुन्हा जोमाने लागतात. २४ तासांत ८ ते १२ वेळा पाजायचं ते यासाठीच. वरचं दूध दिलं की बाळ चोखतं कमी, मग बनतंही कमी, आणि "दूधच नाही" हे बोलणं खरं ठरायला लागतं.

आता पान्हा. बाळ चोखू लागल्यावर साधारण मिनिटभरात ऑक्सिटोसिनमुळे स्नायूपेशींची ती जाळी आवळते. बाळाचं भराभर चोखणं संथ होतं, घोट घेतल्याचा आवाज येतो, दुसऱ्या बाजूने दूध टपकतं. सुरुवातीच्या दिवसांत ओटीपोटात कळाही येतात, कारण हेच हार्मोन गर्भाशय आवळतं. कधी नुसत्या बाळाच्या रडण्याने पान्हा फुटतो. उलट टाक्यांचं दुखणं, धास्ती, टोमणे यांनी तो काही वेळ अडतो. दूध आतच असतं. सासूबाई, आत्याबाई, मावशी, तिच्या कानावर "दूध नाही" घालण्यापेक्षा तिच्या पाठीला आधार द्या, बाळ उघड्या छातीशी ठेवा.

बाळाने नुसतं बोंड धरलं तर बोंडाला चिरा पडतात आणि दूधही नीट निघत नाही. तोंड मोठं उघडलेलं, खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी स्तनाला टेकलेली हवी. बोंडाभोवतीचा काळा भाग वर जास्त दिसावा, खाली कमी.

स्तन दगडासारखे दाटले की तो काळा भाग ताठ होतो आणि बाळाला धरता येत नाही. तेव्हा पाजण्याआधी हाताने थोडं दूध काढा. हात स्वच्छ धुवा. बोंडाच्या टोकापासून ३-४ सेंटीमीटर मागे वर अंगठा, खाली तर्जनी ठेवा. आधी छातीच्या दिशेने दाबा, मग बोटं एकमेकांकडे दाबा आणि सोडा. बोटं कातडीवर घासू नका. पहिले थेंब यायला एक-दोन मिनिटं लागतात. धीर सोडू नका. काळा भाग मऊ झाला की बाळाला लावा.

दूध पुरतंय का, हे बाळाच्या रडण्यावरून ठरवू नका. पाचव्या दिवसानंतर २४ तासांत सहा वेळा तरी फिकट शू व्हावी, आणि सुरुवातीला उतरलेलं वजन दोन आठवड्यांच्या आत भरून यावं. तसं होत नसेल, बाळ सुस्त असेल, प्यायला उठतच नसेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. आईच्या स्तनावर लाल, दुखरा चट्टा उठून ताप आला तरीही दवाखाना गाठा, पण त्या बाजूचं पाजणं थांबवू नका. तिथे दूध साचलं तर दुखणं वाढतं.