पुराचं पाणी तळघरात येऊ द्यावं का?

मंडळी, विषय फलकावर लिहिलाय तोच आहे. नदीचं पाणी चढत असताना तळघराचं दार लावून घ्यायचं की उघडं टाकायचं? उत्तर देणार आहे, पण शेवटी. कारण आपल्या कोकणातली बरीच तळघरं पुराने भिजतच नाहीत. ती भिजतात छपराच्या पागोळीने आणि डोंगराच्या पाझराने. ते आधी निस्तरलं नाही तर पुराची तयारी करून काही उपयोग नाही.

जुन्या कोकणी घराला जोतं होतं. चांगलं उंच जोतं, त्यावर ओटी, पडवी, माजघर, आणि पाणी आपलं बाजूने निघून जायचं. तळघर आलं ते उतारावरच्या नव्या बांधकामाबरोबर. डोंगर कापायचा, पुढे रस्त्याच्या पातळीला शटर लावायचं, आणि मागची भिंत अख्खी मातीत. तिथे गाडी असते, आंब्याचे क्रेट असतात, लाकूडफाटा असतो, गणपतीचं मखर असतं. आज बोलायचंय ते त्या मागच्या भिंतीबद्दल.

पहिलं काम फुकटचं आहे. पाणी कधी येतं त्याची वेळ कॅलेंडरवर लिहा. मोठी सर पडली, तासाभरात भिंत ओली झाली आणि पाऊस थांबल्यावर संध्याकाळपर्यंत ओसरली, तर ते छपराचं आणि अंगणाचं पाणी. पाऊस थांबून दोन दिवस झाले, ऊन पडलं, तरी भिंत आणि फरशीच्या सांध्यातून धार चालूच आहे, तर ते जमिनीतलं. आणि खाडीकाठच्या घरात अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास येतं, रोज पाऊण-एक तास उशिरा येतं, तर ते उधाणाचं, गटारातून उलटं आलेलं. त्याला गटाराच्या तोंडाशी एकाच बाजूला उघडणारी झडप लागते आणि ती झडप दर पंधरवड्याला साफ करावी लागते, नाहीतर एखादी प्लास्टिकची पिशवी तिला अर्धी उघडी धरून ठेवते. खाडीचं एवढंच. बाकीच्या दोन पाण्यांकडे वळतो.

जमिनीतलं पाणी आपल्याकडे फसवं असतं, त्याचं कारण जांभा. जांभा हा आपला तांबडा दगड, स्पंजासारखा सच्छिद्र. पावसाचं पाणी त्यातून सरळ खाली उतरतं. त्याच्या तळाशी चिकट, पांढरट-पिवळसर मातीचा थर असतो. तिथे पाणी अडतं आणि आडवं चालायला लागतं. डोंगर कापताना नेमका हा सांधा उघडा पडला की तळघरात झरा सुरू झालाच म्हणून समजा. मात्र तो जूनमध्ये दिसत नाही. वरचा जांभा भरायला महिना-दीड महिना जातो. म्हणून मृग आणि आर्द्रा कोरडी गेली तरी निर्धास्त राहू नका.

हे पाणी किती चढणार, हे सांगणारं सगळ्यात भरवशाचं साधन तुमच्या परसात आहे. विहीर. प्लॉट बघायला माणसं येतात मे महिन्यात, विहिरीत डोकावतात, पाणी तळाला दिसतं, आणि तळघर खणायचं ठरतं. माझा आग्रह एवढाच, की विहीर श्रावणात बघा. त्याच उतारावरची, जवळात जवळची. गवंड्याकडची लेव्हलची नळी घ्या आणि श्रावणातल्या पाण्याची पातळी तळघराच्या भिंतीवर खुणेने आणून ठेवा. ती खूण फरशीच्या खाली असेल तर तुमचं काम सोपं आहे. वर असेल, तर फरशीखालून पाण्याचा दाब येणार, आणि तो किती हे आताच सांगता येतं. दहा सेंटिमीटर जाडीच्या साध्या काँक्रीटचं वजन चौरस मीटरला साधारण २४० किलो. पाण्याची पातळी त्या काँक्रीटच्या तळापासून २५ सेंटिमीटर वर गेली की खालून दाब २५० किलो. म्हणजे वीतभर जास्तीच्या पाण्याने फरशी उचलली जाते, तडकते. घरमालक म्हणतो, काम कच्चं झालं. काम कच्चं नव्हतं, पाण्याला दुसरी वाट ठेवली नव्हती.

इथे माझं खरं दुखणं येतं, ते थोडं सविस्तर सांगू द्या. भिंत ओली दिसली की पहिला उपाय कोणता? वॉटरप्रूफ रंगाचा डबा, आतल्या बाजूने दोन हात. रंग वाईट नसतो, रंगारीही प्रामाणिक असतो. पण पाणी आहे भिंतीच्या पलीकडे आणि रंग अलीकडे. पाणी रंगाला मागून ढकलतं. पहिला पावसाळा बरा जातो, दुसऱ्यात फुगे येतात, फुग्यात पाणी साठतं, ते फुटतात, आणि मागे क्षारांचा पांढरा लोणा दिसतो. मग गिलावा खरवडून नवा गिलावा. तो खालच्या चार फुटांत घट्ट बसला, की चिऱ्यातलं, म्हणजे जांभ्याच्या घडीव दगडातलं, पाणी वर चढून पाचव्या फुटाला बाहेर पडतं. तिथे नेमका स्विचबोर्ड असतो. मग कोणीतरी सांगतं, सांध्यात इपॉक्सी भरा. सांधा बंद होतो आणि पुढल्या श्रावणात फरशी फुगते. दर वर्षी पैसे जातात आणि दर वर्षी पाणी थोडं वेगळ्या जागी येतं. आतून लावायची स्फटिक तयार करणारी रसायनं आरसीसीच्या, म्हणजे सळ्या घातलेल्या काँक्रीटच्या, अखंड भिंतीत चांगली चालतात, पण चिऱ्याच्या बांधकामात दर वितीला सांधा असतो, तिथे त्यांचा भरवसा धरू नका. तळघराला ओलीपेक्षा दाब वाईट. दाब काढायचा, तर पाण्याला भिंतीपाशी पोचण्याआधीच वाट काढून द्यायची.

आणि ती वाट आपणच बुजवत आलोय. जुना गडगा कोरड्या चिऱ्यांचा असायचा, त्यातून पाणी झिरपून पलीकडे जायचं. आता गडग्याच्या जागी सिमेंटची कंपाउंड वॉल आली, तीही उताराला आडवी आणि खाली एक भोक नाही. ती भिंत म्हणजे धरण झालं आणि त्या धरणाच्या खालच्या अंगाला तुमचं घर. वरच्या शेजाऱ्याने पऱ्ह्या, म्हणजे पावसाळी ओहोळ, बुजवून रस्ता काढला असेल तर तेही पाणी तुमच्याकडेच येणार. तेव्हा कंपाउंड वॉलच्या पायाशी दर दीड मीटरला १०० मिलिमीटरचा पाइप घाला. शेजाऱ्याशी बोलायचं असेल तर मे महिन्यातच बोला, जुलैत दोघांचीही डोकी तापलेली असतात.

आता छपराचं पाणी. शंभर चौरस मीटर छपरावर तासाला ५० मिलिमीटरची सर पडली तर तासाभरात ५,००० लिटर खाली येतं. मोसमाला ३,००० मिलिमीटर धरले तर ३ लाख लिटर, म्हणजे १०,००० लिटरचे ३० टँकर. आणि पन्हळीचा पाइप कुठे सोडलेला असतो? भिंतीच्या मुळाशी. तो बंद पाइपने, ११० मिलिमीटरच्या, घरापासून किमान तीन मीटर लांब आणि उताराच्या खालच्या बाजूला न्या. घरालगतच्या पहिल्या तीन मीटरमध्ये अंगणाला १५ सेंटिमीटर उतार बाहेरच्या दिशेने द्या. पेव्हर ब्लॉक घातले असतील तर एक बादली ओतून बघा. ब्लॉकखालची माती बसते आणि उतार हळूच घराकडे फिरतो. पन्हळ मेअखेर साफ करायची आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात परत, कारण पहिल्या वादळी सरींनी जो पालापाचोळा पडतो तो मेच्या साफसफाईनंतरचा असतो.

जमिनीतल्या पाण्यासाठी चर. मागच्या भिंतीपासून दीड-दोन मीटर वर, उताराला आडवा, दीड फूट रुंद, आणि तळ तळघराच्या फरशीपेक्षा खाली. भिंतीच्या पायाला लागून खणू नका, पाया उघडा पडतो. एवढा खोल चर आधार न देता खणणं जिवावर बेतू शकतं, तेव्हा हे काम कोरड्या दिवसांत, फळ्यांचा आधार देऊन आणि इंजिनिअरला दाखवून. तळाला शंभराला एक उतार, आत पाणी सोडणारं पण माती अडवणारं जिओटेक्स्टाइल कापड, त्यात १०० मिलिमीटरचा भोकांचा पाइप, भोकं खालच्या अंगाला, भोवती २० मिलिमीटरची धुतलेली काळ्या दगडाची खडी. जांभ्याची कपची वापरू नका. ती स्वस्त मिळते, पण पाण्यात झिजून माती होते आणि सगळं गच्च बसतं. वरून कापड दुमडायचं, मग माती.

इथे आपल्याकडची एक खास अडचण आहे. जांभ्याच्या पाण्यात लोह असतं. पाइपात हवा लागली की त्याचा तांबडा, बुळबुळीत थर बसतो आणि दोन-तीन पावसाळ्यांत भोकं बुजतात. म्हणून प्रत्येक कोपऱ्यावर वर आणलेली, झाकणाची साफसफाईची नळी ठेवाच, आणि दर मे महिन्यात तिथून जोरात पाणी मारा. दुसरी अडचण कुंभारीण माशीची. उन्हाळ्यात ती भिंतीतल्या निचऱ्याच्या पाइपांत मातीची घरटी करते. बाहेरून पाइप नीट दिसतो, आतून बूच बसलेलं असतं. एक सळई घ्या आणि प्रत्येक पाइपात आरपार घालून बघा.

चर खणायला जागाच नसेल, तर आतून. भिंतीच्या मुळाशी फरशी कापून दहा सेंटिमीटर रुंदीचा नाला, वर काढता येणारी जाळी, भिंतीच्या तळाला भोकं, आणि सगळं पाणी कोपऱ्यातल्या खड्ड्यात. खड्डा ६० बाय ६० आणि ९० सेंटिमीटर खोल. पंप किती मोठा, हे दुकानदाराला विचारू नका, खड्ड्याला विचारा. भर श्रावणात खड्डा उपसा, पंप बंद करा आणि घड्याळ लावा. या मापाच्या खड्ड्यात पाणी एक सेंटिमीटर चढणं म्हणजे ३.६ लिटर. मिनिटाला दहा सेंटिमीटर चढलं तर ३६ लिटर, मग त्याच्या दुप्पट उपसणारा पंप घ्या. चालू आणि बंद या दोन पातळ्यांत ३० सेंटिमीटर अंतर ठेवा, नाहीतर मोटर सारखी चालू-बंद होऊन जळते. उपसलेलं पाणी परत येऊ न देणारा नॉन रिटर्न व्हॉल्व्ह बसवा. अर्ध्या एचपीची मोटर सुरू होताना चालू करंटच्या कितीतरी पट ओढते, घरातला छोटा इन्व्हर्टर तिथेच ट्रिप होतो, म्हणून बॅकअप तपासायचा तो पंप चालवूनच. घर बंद ठेवून गणपतीलाच येणाऱ्या मुंबईकरांनी शेजाऱ्याकडे किल्ली द्यावी आणि आठवड्याला एकदा फ्लोट, म्हणजे पाण्याबरोबर वर येऊन पंप चालू करणारा तरंगता गोळा, हाताने उचलून बघायला सांगावं. तो भिंतीला अडकला की पंप चालतच नाही.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं. तेव्हा मूळ प्रश्न घाईने.

२२ जुलै २०२१ ला चिपळूण आणि महाडमध्ये महापुरात जे झालं ते तुमच्यासमोरच आहे. तसं पाणी अडवायचं नसतं. बाहेर दोन मीटर पाणी आणि आत कोरडं, तर भिंतीच्या दर मीटर लांबीवर दोन टन भार येतो, तोही मातीच्या भाराव्यतिरिक्त. चिऱ्याची भिंत त्यासाठी बांधलेली नसते. तेव्हा हिशोब असा: अंगणातलं वाहतं पाणी असेल, गुडघ्याखाली, तर दाराला फळी आणि मातीच्या पोत्यांनी अडवा. नदीचं पाणी फुटा-दोन फुटांवर जाणार अशी लक्षणं दिसली, तर आतला पंप बंद करा, शटर वर करा, झरोके उघडा आणि पाणी आत येऊ द्या. आतबाहेर पातळी सारखी राहिली की भिंत वाचते. सामान भिजेल. ते आधीच वर न्यायचं.

त्याआधी करायची कामं: तळघराचा वीजपुरवठा वरच्या मजल्यावरून तोडता आला पाहिजे, बोर्ड शक्य तितका वर, आणि वीज गळायला लागली की पुरवठा तोडणारं ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी. गॅस सिलिंडर वर न्या, तो पाण्यावर तरंगतो. जमिनीतली पाण्याची टाकी भरलेली ठेवा, रिकामी टाकी उचलली जाते. खालच्या संडासाच्या लाइनला उलटं पाणी अडवणारी झडप लावा. आणि पाणी शिरायला लागल्यावर गाडी काढायला खाली कोणीही जायचं नाही. दाराबाहेर दोन फूट पाणी असेल तर तीन फुटी दारावर दीडशे किलोंहून जास्त भार असतो. पाण्याच्या दिशेने उघडणारं दार आतून ढकलून उघडत नाही.

नवीन घर बांधणाऱ्यांनी पूररेषेचा नकाशा बघावा. निळी रेषा २५ वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची. पंचवीस वर्षांत एकदा, हे ऐकायला लांबचं वाटतं, पण निळ्या रेषेत बांधलेल्या घराला तीस वर्षांत असा पूर किमान एकदा गाठण्याची शक्यता ७० टक्के आहे. निळ्या रेषेच्या आत तळघर नकोच.

आणि पूर ओसरल्यावर घाई नको. बाहेरची माती अजून भिजलेली असते, तिचा दाब तसाच असतो. एका दिवसात तळघर रिकामं केलं तर पुरात टिकलेली भिंत त्या दिवशी आत येते. बाहेरचं पाणी पूर्ण उतरू द्या, मग रोज एक तृतीयांश उपसा आणि रात्री खूण करून ठेवा. खूण सकाळी वर चढलेली दिसली तर थांबा, जमिनीत अजून पाणी आहे. पेट्रोलचा किंवा डिझेलचा पंप बाहेर ठेवून फक्त नळी आत सोडा, कारण त्याच्या धुराने बंद जागेत माणूस मरतो. गाळ ओला असतानाच काढा, गमबूट घालून. पायाला जखम असेल तर लेप्टोच्या, म्हणजे साचलेल्या पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस तापाच्या, गोळीबद्दल आधी डॉक्टरांना विचारा. आणि वायरमनने बोर्ड उघडून, वाळवून, तपासल्याशिवाय मेन चढवू नका.