कोणती गाडी घ्यावी, हा दुसरा प्रश्न

(लातूर येथे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. संयोजकांनी विषय दिला तो 'गाडी घेताना'. वेळ दिली पाऊण तास. त्यामुळे इंजिनाच्या गप्पा, ज्या मला सगळ्यांत जास्त आवडतात, त्या आज कमीच होतील.

गाडीचा नाद आपल्या मराठवाड्याला नवा नाही. २०१० च्या ऑक्टोबरात औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, दीडशे मर्सिडीज एका दमात घेतल्या गेल्या. सौदा साधारण ६५ कोटींचा. देशभर बातमी झाली. मला मात्र त्यात गाडीपेक्षा व्याजाचं नवल वाटलं. एवढी गिऱ्हाइकं एकत्र आली, त्यांनी कंपनीकडून भाव पाडून घेतला आणि स्टेट बँकेकडून ७ टक्क्यांनी कर्जही मिळवलं. त्याच काळात ट्रॅक्टर घेणाऱ्या शेतकऱ्याला १२ टक्क्यांच्या वर व्याज पडत होतं. ग्रामीण भागावर लिहिणारे पत्रकार पी. साईनाथ यांनी तेव्हाच त्यावर बोट ठेवलं होतं. अन्याय आहे तो, त्यात वाद नाही. पण त्या गिऱ्हाइकांनी पैशाचं गणित आधी सोडवलं, हेही खरं. आपल्याकडे ते शोरूममध्ये, पेढा खाता खाता सुटतं.

मला फोन येतो तो असा : "सर, गाडी घ्यायलोय. क्रेटा घ्यावी का स्कॉर्पिओ?" मी विचारतो, "पैसा कसा येतो तुमच्याकडं? महिन्याला का हंगामाला?" समोरचा हिरमुसतो. त्याला टॉर्क, म्हणजे इंजिनाचा जोर, ऐकायचा असतो.

पण हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला जातो आणि सोयाबीनचा पैसा दसरा-दिवाळीला येतो. उसाचं बिल कारखान्याच्या मर्जीवर. मधले सात-आठ महिने हप्ता कुठून जातो? उसनवारीतून, नाहीतर दागिन्यांवर. ट्रॅक्टरला सहामाही हप्ते असतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. चारचाकीला तसे मिळतील का, हे विचारायला आपण लाजतो. विचारा. सगळे देत नाहीत, पण विचारल्याशिवाय कुणीच देत नाही.

आता कागद-पेन असेल तर काढा. आठ लाखांचं कर्ज, पाच वर्षं, साडेनऊ टक्के. व्याज घटत्या शिलकीवर, म्हणजे फेडायच्या राहिलेल्या मुद्दलावरच, असेल तर हप्ता १६,८०० च्या आसपास बसतो आणि पाच वर्षांत व्याज जातं दोन लाख आठ हजार. हेच साडेनऊ टक्के 'फ्लॅट' असतील, तर हप्ता १९,६६७ आणि व्याज तीन लाख ऐंशी हजार. कारण मुद्दल फिटत जातं, तरी व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण आठ लाखांवरच लागतं. घटत्या शिलकीच्या हिशोबात तो दर साडेसोळा टक्के झाला. एजंट दोन्ही वेळा तोंडानं 'साडेनऊ'च म्हणतो, आणि ते खोटंही नसतं. म्हणून टक्का विचारू नका. एकूण किती रुपये भरायचे, ते लिहून मागा. हप्ता हलका दिसावा म्हणून सात वर्षांचं कर्ज गळ्यात मारतात, तिथंही तेच. घटत्या शिलकीचं कर्ज सात वर्षांचं केलं तर हप्ता १३,०७५ वर येतो, पण पाच वर्षांच्या मानानं नव्वद हजार जास्त जातात.

लीजबद्दल, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी गाडी भाड्यानं घेण्याबद्दल, हल्ली फार विचारणा होते. पुण्यातला भाचा सांगतो, "मामा, गाडी विकत कशाला घेता, लीजवर घ्या." भाच्याचं त्याच्यापुरतं बरोबर आहे. गाडी लीज कंपनीच्या मालकीची, विमा-सर्व्हिसिंग बहुतेक वेळा भाड्यातच, तीन-चार वर्षांनी परत द्यायची. नोकरदाराला त्याची कंपनी ते भाडं कर लागण्याआधी पगारातून वळतं करते, म्हणून त्याचा कर वाचतो. मामाचं उत्पन्न शेतीचं. त्यावर आयकरच नाही, तर वाचणार काय? वर वर्षाला किलोमीटरची मर्यादा. आणि गाडी परत देताना ओरखड्यांचे पैसे वेगळे. आमच्या पांदणीत दोन्ही बाजूंनी बाभळी आहेत. पहिल्या आठवड्यातच दोन्ही दारांवर रेघा पडतात. डॉक्टर, आडते, दुकानदार यांना भाडं धंद्याच्या खर्चात दाखवता येतं. पण स्वतःच्या गाडीच्या किमतीतली वर्षाची १५ टक्के घट (घसारा) आणि कर्जाचं व्याजही धंद्याच्या खर्चात बसतं, त्यामुळे लीजवाला फायदा फुगवून सांगतो तेवढा उरत नाही. किनवटला किंवा भूमला राहत असाल, तर बंद पडलेली गाडी न्यायला कोण येणार, हे आधी विचारून घ्या.

आता गाडीकडे येऊ. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी बदलला. चार मीटरच्या आतली, १२०० सीसीपर्यंत पेट्रोल किंवा १५०० सीसीपर्यंत डिझेल गाडी १८ टक्क्यांत. त्याबाहेरच्या ४० टक्क्यांत, इलेक्ट्रिक ५ टक्क्यांत. म्हणजे बोलेरो १८ मध्ये आणि अर्टिगा ४० मध्ये! अर्टिगाचं इंजिन काही राक्षसी नाही, पण पेट्रोलच्या १२०० सीसीपुढचं आहे आणि लांबीही चार मीटरच्या वर जाते. माझं मत विचाराल तर काळ्या रानात जाणाऱ्यानं बोलेरोला नावं ठेवू नयेत. दिसायला ती कपाटासारखी आहे, मान्य. पण मागच्या चाकांना जोर आहे. मागं चार पोती टाकली की पावसाळ्यात चिखलातून निघते. पुढच्या चाकांवर चालणारी देखणी एसयूव्ही तिथं नुसती चाकं फिरवते आणि मग बैलं, नाहीतर ट्रॅक्टर बोलवावा लागतो.

सनरूफ हा माझ्या रागाचा विषय. परभणीत मे महिन्यात पारा ४२-४३ ला जातो. तिथं डोक्यावर काच बसवायला लोक जास्तीचे पैसे मोजतात! त्याच पैशात मागच्या सीटला एसीचा झोत मिळत असेल, तर तो घ्या. टेस्ट ड्राइव्ह दुपारी दोनला मागा, शोरूमच्या सकाळी दहाला नको. गाडी उन्हात तापू द्या, घरच्यांना मागं बसवा, आजीला चढता-उतरता येतं का बघा. सेल्समनला रेडिओ बंद करायला सांगा.

जुन्या गाडीबद्दल मात्र सावकाश बोलतो, कारण फसवणूक तिथं जास्त. विम्याच्या तक्त्यात गाडीची किंमत पहिल्या वर्षअखेर १५ टक्क्यांनी कमी आणि पाचव्या वर्षअखेर निम्मी धरतात. तेव्हा चार वर्षांची नीट राखलेली गाडी हा आपल्या भागातला सगळ्यांत शहाणा सौदा, असं मी मानतो. पण 'दिल्ली पासिंग', म्हणजे दिल्लीत नोंदलेली, डिझेल गाडी स्वस्तात मिळाली म्हणून हुरळू नका. दहा वर्षांपुढच्या डिझेलवर तिकडे न्यायालयानं निर्बंध आणले, म्हणून ती इकडे उतरते. तिकडच्या आरटीओची एनओसी (ना-हरकत पत्र) आणि इथला रोड टॅक्स धरून मग भाव करा.

२०२५ च्या सप्टेंबरात आपल्याकडे पूर आले. पाण्यात बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून बाजारात येणारच. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. आतल्या टोकाला चिखलाची रेघ दिसते, तिथपर्यंत धुणाऱ्याचा हात जात नाही. स्टेपनी काढून तिच्या खळग्यात बघा. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात : २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. गाडी तीन वर्षांची आणि टायर सात वर्षांचे, तर कुणीतरी चाकं बदलली. असल्या टायरवर समृद्धीवर १२० नं जायचं नाही.

शेवटचं, कागदाचं. हप्ते फिटले की आरसीवरचा, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्रावरचा, कर्जाचा बोजा लगेच उतरवून घ्या. लोक 'बघू नंतर' म्हणतात, आणि पाच वर्षांनी गाडी विकायला काढतात, तेव्हा फायनान्सवाल्याची शाखा गावातून उठलेली असते. मग एका सहीसाठी पुण्याच्या चकरा.